मायनरचा रकाना कोरा ठेवा

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "बायने इंग्लिश मेजर घेतलं तर पुढे नोकरी कसली?" आणि मागून आईचा आवाज आला, "फाडफाड इंग्लिश बोलायला लागली की कोणीही घेईल." दोघांनाही तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दादा ऑक्टोबरपर्यंत बोटीवर, वहिनीची शिफ्ट, तेव्हा बायबरोबर, म्हणजे त्यांच्या लेकीबरोबर, कॉलेजचा फॉर्म भरायला बाबांनाच जावं लागणार.

आधी आईचं. बीएचं इंग्लिश मेजर म्हणजे इंग्रजी हा मुख्य विषय, स्पोकन इंग्लिशचा क्लास नव्हे. तिथे कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा, भाषाविज्ञान, भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेलं साहित्य असं शिकवतात. बोलणं सुधारतं, पण ओघाओघात. भाषा सुधारेल एवढ्याच आशेने आलेल्या मुलांची पहिल्याच वर्षी चारशे वर्षांपूर्वीच्या कवितेशी गाठ पडते, मग गाईड येतं, नोट्स पाठ होतात. पेपरात कधी न पाहिलेली कविता देऊन रसग्रहण लिहा म्हटलं की पाठांतर तिथेच संपतं. त्याहून मोठं नुकसान पुढे असतं. तीन वर्षांत स्वतःच्या मनाने दहा पानंही लिहिलेली नसतात, आणि नोकरी देणारा पहिल्यांदा तेच बघायला मागतो. हातातली कादंबरी संपल्याशिवाय बाय जेवायला उठत नाही अशी तुझी तक्रार असते ना आई, या विषयाला तोच गुण लागतो.

तिची चौथीपर्यंतची शाळा मराठी, म्हणून ती मागे पडेल ही बाबांची भीती मनातून काढून टाका. आपल्याकडची कितीतरी मुलं पाचवीतच इंग्रजीकडे वळतात. पहिल्या वर्षी शब्दांवरचा आघात तेवढा मुद्दाम शिकावा लागेल. 'प्रेझेंट' हा शब्द भेटवस्तू या अर्थी असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, सादर करणे या अर्थी असेल तर दुसऱ्यावर. मराठीत असा आघात अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. रोज दहा मिनिटं बातम्या ऐकून, त्यांच्यामागोमाग मोठ्याने म्हणून हे जमतं. आणि चांगलं मराठी येणं तिच्या किती उपयोगाचं, ते पुढे सांगते.

आता रचना. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांची 120 क्रेडिट्सची, किंवा चार वर्षांची ऑनर्स 160 क्रेडिट्सची. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात तीन वर्षांत मेजरला किमान 60 क्रेडिट्स आणि मायनरला, म्हणजे जोडविषयाला, किमान 24. म्हणजे मायनर हा तोंडी लावायचा विषय नाही, पदवीचा पाचवा हिस्सा आहे. आणि घरोघरी तो कसा निवडतात? मैत्रिणीने घेतला म्हणून, नाहीतर कॉलेजात ज्याचा वर्ग सकाळी लवकर सुटतो म्हणून. इंग्रजीच्या मुलांची पुढची वाट बरीचशी या एका रकान्यात ठरते, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

शिक्षिका व्हायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बीएड. ते आपल्या गोव्यात फर्मागुडीलाही होतं आणि पणजीत आल्तिनोलाही. बीएडला साधारणपणे शिकवण्याचे दोन विषय घ्यावे लागतात आणि ते पदवीला शिकलेल्यांतूनच निवडायचे असतात. इंग्रजीला जोडून इतिहास, भूगोल किंवा मराठी असेल तर शाळेत दोन विषयांना उभं राहता येतं. शाळेत न शिकवला जाणारा मायनर घेतला तर दुसऱ्या विषयाशी अडतं. हायर सेकंडरीला शिकवायचं तर एमए 50 टक्क्यांनी आणि शिवाय बीएड. एमए झालं, बीएड राहिलं, आणि जाहिरात आल्यावर हळहळ, असं होऊ नये म्हणून दोन्हींची वर्षं आजच मोजून ठेवायची.

मायनर हिंदी घेतलं तर आणखी एक दार उघडं राहतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं. केंद्र सरकारच्या कार्यालयांत हिंदी अनुवादक लागतात, त्यांची परीक्षा स्टाफ सिलेक्शन कमिशन घेतं. इंग्रजीतून एमए केलेल्यांना ती देता येते, पण पदवीला हिंदी हा विषय असावा लागतो किंवा माध्यम तरी हिंदी असावं लागतं. जोडीला अनुवादाचा डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट कोर्स, नाहीतर सरकारी कार्यालयातला दोन वर्षांचा अनुवादाचा अनुभव. एमए झाल्यावर ही अट वाचली तर उपयोग नाही, तेव्हा पदवीचे विषय बदलता येत नाहीत.

कॉलेजात प्राध्यापक होण्याचा रस्ता लांबचा आहे, तो लांब आहे हे बायला आत्ताच कळू दे. एमए किमान 55 टक्क्यांनी, मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीची देशपातळीवरची किंवा राज्याची पात्रता परीक्षा. हे 55 पूर्णांकात करून मिळत नाहीत, 54.8 असले तरी फॉर्म भरता येत नाही. नेटची परीक्षा वर्षातून दोनदा, तीन तासांची. पहिला पेपर सर्वांना सारखा, 50 प्रश्न 100 गुणांचे. दुसरा विषयाचा, 100 प्रश्न 200 गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. वरच्या गुणांवर जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनासाठी सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी केली तर एमए न करताही जेआरएफ आणि पीएचडी प्रवेशासाठी नेट देता येते. प्राध्यापकपदाची पात्रता त्यातून मिळत नाही. पण बाबा, नेट म्हणजे फक्त पात्रता. नेमणूक जागा निघेल तेव्हा, आणि तोवर बरेच जण लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासांच्या हिशेबाने, वर्षामागून वर्षं काढतात. हा रस्ता धरायचा तर हातात दुसरं काम हवंच.

ते दुसरं काम म्हणजे भाषांतर आणि संपादन, आणि इथे बायचं मराठी-कोंकणी सोन्यासारखं आहे. एकच शब्द घ्या. जमिनीच्या कागदात 'मुंडकार' आला आणि भाषांतर करणाऱ्याने 'टेनंट' लिहून टाकलं, तर वाक्य दिसायला बरोबर, कागद मात्र चुकीचा. टेनंट म्हणजे कूळ, त्याचा शेतजमिनीचा कायदा 1964 चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, त्याचा कायदा 1975 चा, आणि हक्क वेगळे. म्हणून कायद्याच्या इंग्रजी मजकुरातही 'मुंडकार' हाच शब्द ठेवला आहे. कुठला शब्द बदलायचा आणि कुठला हात न लावता ठेवायचा, हे समजण्यासाठी दोन्ही भाषा आणि गाव माहीत असावा लागतो. यंत्र आता घटकेत भाषांतर करून देतं, पण त्याने कुळाचा मुंडकार केला आहे का, हे बघायला माणूसच बसवावा लागतो.

याउलट वेबसाइट भरण्यासाठी शब्दांच्या भावाने लिहायचं जे स्वस्त काम नव्या मुलांना मिळायचं, ते यंत्राने खाल्लं. त्याच्या भरवशावर कोणी सल्ला देत असेल तर ऐकू नका.

संपादनाच्या नोकरीला मुलाखतीआधी बहुधा चाचणी देतात. त्यातली नेहमीची चूक म्हणजे 'द लिस्ट ऑफ आयटम्स आर'. क्रियापद 'लिस्ट'शी जुळायला हवं, म्हणजे 'इज'. जवळच्या अनेकवचनाला फसून चांगली चांगली मुलं 'आर' तसाच सोडतात. ही नजर नुसतं व्याकरणाचं पुस्तक वाचून येत नाही. तिने आठवड्याला मराठी वर्तमानपत्रातला एक स्तंभ, साधारण 300 शब्दांचा, इंग्रजीत करावा. एक रात्र बाजूला ठेवावा. दुसऱ्या दिवशी मूळ न बघता फक्त इंग्रजी वाचावं. जिथे अडखळेल तिथे मराठी वाक्यरचना तशीच राहिलेली असते. शेवटी मूळ समोर घेऊन नावं, तारखा आणि आकडे एकेक करून ताडावेत. वर्षाला पन्नास तुकडे होतात, त्यांतले उत्तम दहा म्हणजे नोकरी मागताना दाखवायचं काम. ओमेगा-टी हे भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दुसऱ्या वर्षी ते शिकावं. पुस्तकं विकत घेऊ नका, पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तिला मेंबर करून द्या.

बाबांच्या मनात सरकारी नोकरी आहे, ठाऊक आहे मला. पदवीधरांच्या जागांना इंग्रजी मेजर आडवं येत नाही, पण विशेष फायदाही देत नाही. तिथे कोंकणी येणं आवश्यक आणि मराठी येणं इष्ट असं जाहिरातीत असतं, शिवाय गोव्यातल्या 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. मामलेदार कचेरीतला तो दाखला जाहिरात निघाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी चौकशी करून ठेवा. बायचं कोंकणी बोलणं झकास आहे, लिहिणं कच्चं. भाषेसाठी जी थोडी वेगळी क्रेडिट्स असतात, त्यांत कोंकणी मिळत असेल तर तेच घ्यायला सांगा. वकिली हवीशी वाटली तर बीएनंतर तीन वर्षांचं एलएलबी मिरामारला किंवा मडगावला आहेच.

कॉलेज कुठलं, यापेक्षा तिथे इंग्रजीला जोडून कुठले मायनर मिळतात ते महत्त्वाचं. पहिल्या वर्षानंतर मेजर बदलण्याची सोय यूजीसीच्या आराखड्यात आहे, पण दुसरीकडे जागा असेल तरच, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. प्रॉस्पेक्टसमधल्या मायनरच्या पानाचा फोटो काढून मला पाठवा, अंधारात काढू नका, मागच्या वेळी अक्षरं लागली नव्हती. शिक्षिका की अनुवादक, हे मी बायशी रविवारी फोनवर बोलते. तोवर फॉर्मवरचा तो रकाना पेनाने भरू नका.

गणेश चवथीला येतेच आहे. बाबांच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी पाठवा, येताना घेऊन येईन.

तुमची,
ताई