पांढरी सहाच्या जागी काळी चार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत लंडनमधल्या बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय) संगीताच्या मैफलीवरचा प्रवासलेख वाचला. कलाकार दर रचनेनंतर वाद्ये लावत बसले, आवाज मागे पोचेना, 'तीनशे वर्षांपूर्वीची' ही वाद्ये संग्रहालयातच शोभतील, असा एकूण सूर. मी हौशी सतारिया. मुलीकडे गेलो असताना तिथल्या विग्मोर हॉलमध्ये असेच संगीत ऐकले आहे, म्हणून लिहितो.

या व्हायोलिनला पोलादाच्या नव्हे, तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, तारा असतात. दिव्यांची ऊब, हवेतला ओलावा, एवढ्यानेही तात हलते, सारंगियाला विचारा. ऐन पावसाळ्यात तंबोरे लागेपर्यंत आपण निमूट बसतो, कोणी घाईने गायला लागला तर नाक मुरडतो. मग टेलेमानसारख्या बरोक संगीतकारासाठी दोन मिनिटे जड का व्हावीत?

मी ऐकल्या त्या त्याच्याच 'पॅरिस चौकड्या'. त्यांचा दुसरा संच 1738 साली पॅरिसमध्ये छापला गेला. लाकडी आडवी बासरी, व्हायोलिन, गाम्बा आणि हार्पसिकॉर्ड. गाम्बा दिसताच मी खुर्चीत पुढे सरकलो. गुडघ्यांमध्ये धरलेले वाद्य, सारंगीसारखा तळवा वर ठेवून धरलेला गज, आणि दांडीवर तातीचे बांधलेले पडदे! लावताना वादकाने त्यातला एक बोटाने जरासा सरकवला, अगदी आपण सतारीवर करतो तसा. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आतली नखी तार छेडते. पूर्वी ती पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असे. पट्टी कितीही जोरात दाबा, आवाज फारसा वाढत नाही. वजन द्यायचे ते वेळेने: एखादा सूर कणभर उशिरा आणून. पहिली दहा मिनिटे मलाही सगळे बारीक वाटले, मग कान बसला. हे संगीत मुळात दिवाणखान्यातले. साडेपाचशेच्या आसपास खुर्च्यांचे ते सभागृहसुद्धा त्याला मोठेच.

व्हायोलिन 'उतरलेले' वाटले, हे मात्र लेखकाने बरोबर टिपले. आज 'ए' हा सूर सेकंदाला 440 कंपनांवर लावतात, बरोकवाले बहुधा 415 वर, म्हणजे अर्धा सूर खाली. पेटीच्या भाषेत पांढरी सहाच्या जागी काळी चार. (त्या काळी गावोगावची पट्टी वेगळी असे, 415 ही आजच्या वादकांची सोय.)

आणि 'तीनशे वर्षांपूर्वीची' वाद्ये? अशा मैफलीतली बरीचशी वाद्ये आजच्या कारागिरांनी जुन्या नमुन्यांवरून घडवलेली असतात. खऱ्या जुन्या व्हायोलिनांच्या, अगदी स्ट्रॅडिव्हॅरीच्याही, माना पुढे मोठा आवाज निघावा म्हणून बदलल्या गेल्या. त्यामुळे कित्येकदा नवी नक्कलच मूळ घडणीच्या जास्त जवळ असते.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत कोणती वाद्ये वाजली, एवढे तरी छापावे. या लेखात हार्पसिकॉर्डला 'जुना पियानो' म्हटले आहे.

— एक वाचक, पुणे