सूचना : हौदा खाली बसल्याशिवाय गाडी हलवू नका

वणी-घुग्घुस पट्ट्यातल्या सर्व टिपर, डंपर चालक बंधूंनो,

माल ओतला की उचललेला हौदा (गाडीची मागची पेटी) पूर्ण खाली बसू द्या, मगच गियर टाका. विजेच्या तारेखाली तर ओतायचंच नाही. खाणीतल्या रस्त्यावर मुरूम पडत जातो, रस्ता वर येतो, तार तिथेच राहते. उन्हाळ्यात ती आणखी झोळ खाते. काल गाडी निघाली म्हणून आजही निघेल, असं धरू नका. ११ किंवा ३३ केव्हीच्या (हजार व्होल्टच्या) तारेला हौदा टेकावाही लागत नाही, फार जवळ गेला तरी करंट उडी घेतो.

तार लागलीच तर केबिनमध्येच बसा, वायरलेसवर कळवा. लाइन बंद झाल्याचं पक्कं कळेपर्यंत उतरू नका. आग लागली तरच उडी मारा : दोन्ही पाय जोडून, गाडीला हात न लावता. मग पाय न उचलता, घासत लांब जा.

बाकीच्यांनी, कितीही जीव तुटला तरी, गाडीकडे धावायचं नाही. करंटने टायर आतून तापून बऱ्याच वेळानेही फुटू शकतात, त्यामुळे लाइन बंद झाल्यावरही गर्दी नको.

नव्या पोरांना हे आज पाळी सुरू होण्याआधी तोंडी सांगा. सगळेच ग्रुप वाचत नाहीत.