पोस्ट काढा, पण कारण सांगून

मा. संपादक,
स. न.

चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी महापूर आला, तेव्हापासून कोकणातील तालुक्या-तालुक्यांच्या फेसबुक ग्रुपचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. घाट बंद झाला किंवा एसटी दुसऱ्या मार्गाने वळवली, तर मुंबईतल्या चाकरमान्याला ते बहुधा तिथेच आधी कळते. हे काम ॲडमिन मंडळी विनामोबदला करतात, याबद्दल त्यांचे ऋण मान्यच आहे. परंतु आमच्या ग्रुपवर मी वाडीच्या रस्त्याचे पहिल्याच पावसात उखडलेले डांबर आणि शेजारचा कामाचा फलक यांचे छायाचित्र, वर एकही शब्द न लिहिता टाकले, ते तासाभरात गायब झाले. विचारणा केल्यावर ‘नियमात बसत नाही’ एवढेच उत्तर आले. कोणता नियम, असे विचारताच मलाच काढून टाकण्यात आले. जाहिरातींना बंदी असलेल्या त्याच ग्रुपवर ‘समुद्रदर्शनी प्लॉट’ मात्र रोज झळकतात.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीने नियमबाह्य ठरवून स्वतःहून मजकूर काढला, तर कारण कळवणे आणि म्हणणे मांडण्याची संधी देणे तिच्यावर बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अपील समित्याही आल्या. ग्रुपच्या ॲडमिनने पोस्ट काढली, तर मात्र असे कोणतेच बंधन त्याच्यावर नाही. ‘उद्या पोलीस आम्हालाच धरतील’ ही सबब नेहमी पुढे केली जाते. वास्तविक व्हॉट्सॲप ग्रुपबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल, तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्याच्या कारणाने कोणाला जबाबदार धरता येत नाही.

धरण फुटल्याची अफवा कोणी पसरवली, तर ती तत्क्षणी काढावी, कारण नंतर सांगितले तरी चालेल. एरवी कोणत्या नियमाखाली पोस्ट काढली हे संबंधिताला कळवावे आणि तक्रार आल्यास ती काढणाऱ्याऐवजी दुसऱ्या ॲडमिनने पाहावी. आमच्या पाच ॲडमिनपैकी दोघे बांधकाम व्यवसायात आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र रस्ते आणि जमिनींविषयीच्या पोस्टचा निर्णय उरलेल्या तिघांनी घ्यावा, एवढे तरी गणपतीत सगळे गावी जमतील तेव्हा बसून ठरवता येईल.

– एक वाचक, जि. रत्नागिरी