गच्चीवरची काचेची खोली गळते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आजकाल आपल्या जळगाव-धुळ्याकडे नवीन बंगला झाला की गच्चीवर जिन्याला लागून एक काचेची खोली करतातच, वर पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका प्रकारच्या मजबूत प्लास्टिकची, शीट आणि तीन बाजूंनी स्लायडिंग काचा. आम्ही पण चार वर्षांपूर्वी केली, सासूबाईंच्या कुंड्या राहतील आणि बिबडे-कुरडया धुळीत न वाळवता आत वाळवता येतील म्हणून. पहिल्याच पावसात खोली गळायला लागली. ज्यांनी बसवली ते आले, सिलिकॉनची ट्यूब मारून गेले, दुसऱ्या वर्षी परत गळती, परत ट्यूब, असं तीन पावसाळे चाललं आणि एका वर्षी तर डब्यातल्या बिबड्यांना बुरशी लागून सगळे टाकून द्यावे लागले, तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं होतं. म्हणून हे पत्र लिहितेय, बाकीच्यांचे तरी पैसे वाचावेत.

शेवटी गावाकडचे एक म्हातारे मिस्तरी आणले, त्यांचं आयुष्य धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांवर खारी माती टाकण्यात आणि भिंती दुरुस्त करण्यात गेलंय. त्यांनी शीटला हातच लावला नाही. मला आत उभं केलं आणि नळाला पाइप लावून आधी खालच्या काचांवर, मग जरा वर, मग शीटवर आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर असं एकेका जागी दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडलं. शीटवर सोडलं तेव्हा दोन स्क्रूंपाशी थोडं ठिबकलं तेवढंच, पण जिन्याच्या भिंतीवर पाणी पडलं आणि आत धारच लागली. ते म्हणाले, "ताई, पानी वरथीन नही, भीतमाईन येई ऱ्हायनं." शीट आणि भिंतीच्या सांध्यावर जी पत्र्याची पट्टी असते ती प्लास्टरवर नुसती चिकटवलेली होती, त्यामुळे वरच्या तड्यातून भिंतीत शिरलेलं पाणी पट्टीच्या मागून खाली उतरायचं. मग भिंतीत इंचभर खोल खाच कापून पट्टीची वरची कड आत घातली, खाच सिमेंटने भरली, वरचे तडे बुजवले. ट्यूबच्या दहा नळकांड्या मारल्या असत्या तरी हे थांबलं नसतं.

स्क्रूंपाशी ठिबकण्याचं कारण मात्र आपलं ऊन आहे आणि हे बसवणाऱ्यांनी लक्षातच घेतलं नाही याचा मला खरंच राग येतो. ही शीट उन्हात लांबते, भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा शीट स्वतः ६० डिग्रीपर्यंत तापते आणि जानेवारीत पहाटे १० वर येते, एवढ्या फरकात १२ फुटी शीट जवळजवळ सव्वा सेंटिमीटर कमी-जास्त होते. स्क्रूचं भोक घट्ट पाडलं असेल तर ती हलणार कुठे? भोक फाकतं, नाहीतर शीटला चीर जाते. भोक स्क्रूपेक्षा मोठं पाहिजे, वर रुंद रबरी वॉशर पाहिजे आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. ट्यूब घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी घेऊ नका, तिच्याने पॉलिकार्बोनेट खराब होतं, दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागा. ही शीट आतून पोकळ नळ्यांची असते, त्या नळ्यांच्या वरच्या तोंडाला अॅल्युमिनियमची टेप आणि खालच्या तोंडाला छिद्रांची टेप लागते, आमच्याकडे दोन्ही नव्हत्या म्हणून आत हिरवं शेवाळ धरलं होतं.

काचांच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक छिद्रं असतात, उन्हाळ्यातल्या वावटळींची धूळ त्यात गच्च बसते आणि मग पाणी आतल्या बाजूने सांडतं, मृगाच्या आधी काडीने ती मोकळी करा.

एवढं करूनही डिसेंबरात सकाळी छतावरून थेंब पडायचे. आमचे हे म्हणाले परत गळतंय, पण पाऊस नसताना गळेल कसं, ती कुंड्यांची आणि ओल्या कपड्यांची वाफ होती, रात्री गार शीटला लागून तिचं पाणी व्हायचं. आता वरची झडप आणि समोरची काच दोन्ही थोडी उघडी ठेवतो, कपडे आत वाळवत नाही. फरशीची ओल कुठून येते हे बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडा टेपने चिकटवून दोन दिवस ठेवायचा, खालून ओला झाला तर स्लॅबमधून ओल येतेय आणि वरून ओला झाला तर हवेतली आहे. आमच्याकडे वरून ओला झाला. नाहीतर घाबरून आम्ही सगळी फरशी उखडणारच होतो!

संपादक साहेब, एक विनंती आहे. दिवाळीनंतर अशी कामं निघतात, तेव्हा आपल्या पेपरात जुन्या मिस्तरी लोकांना आणि फॅब्रिकेशनवाल्यांना एकत्र बसवून यावर एक पान काढा. शीट किती लांबते, सांधा भिंतीत कसा घ्यायचा, एवढं जरी छापलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक, जळगाव