सूचना: शनिवारच्या चर्चेआधी एवढं वाचा

सभासदहो, माल्कम प्राइस यांच्या 'अ‍ॅबरिस्टविथ मॉन अमूर' (२००१) या कादंबरीवरून गटात सरळ दोन तट पडलेत. वेल्सच्या किनाऱ्यावरचं गाव, तिथला खासगी गुप्तहेर लुई नाइट आणि गावावर हुकूमत गाजवणारे ड्रुइड, म्हणजे प्राचीन केल्टिक परंपरेतले पुरोहित. काहींना हे अफलातून वाटलं. काहींची तक्रार, तपास कमी आणि विडंबन जास्त. दोन्ही मतं हवीत, फक्त पानांचे दाखले घेऊन या. कादंबरीत येणारं पॅटागोनियातलं (दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडचा प्रदेश) युद्ध लेखकाच्या कल्पनेतलं, पण १८६५ मध्ये वेल्श कुटुंबं तिथे खरोखरच वसायला गेली होती. मला तोच धागा सर्वांत भिडला.

खुनी कोण, हे शनिवारपर्यंत कृपया कुणी फोडू नका. तिघांचं वाचन अजून चालू आहे.