नाकातला साबुदाणा

नागपूर,
४ एप्रिल

प्रिय गोट्या,

तुझ्याही नाकात माझ्यासारखेच पॉलिप, म्हणजे अस्तरातून लोंबणाऱ्या मऊ गाठी, निघाल्या, आणि ‘काढताना दुखतं का रे?’ एवढाच तुझा मेसेज. वीस वर्षं पुण्यात राहून तुझं ‘बे’ तर गेलंच, आता शब्दही मोजून खर्चायला लागलास. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच तुझ्या साडूचं प्रकरण काढलं असतंस, म्हणून कागद घेऊन बसलो.

या वेळी दुखलं नाही. ऐकू मात्र सगळं आलं. ते कसं, ते पुढे सांगतो.

सहा वर्षांपूर्वीचं माझं ऑपरेशन तुला आठवत असेलच. पूर्ण भूल देऊन, दुर्बिणीनं सायनस साफ केले होते. माझ्या दोन्ही नाकपुड्यांत बोळे, आणि स्टेशनावरून आणलेली संत्रा बर्फी तू माझ्यासमोर बसून संपवलीस. तेव्हाच डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं की पॉलिप काढले म्हणजे आजार गेला असं नाही. मूळ नाकाच्या अस्तराच्या सुजेत आहे, त्यामुळे स्प्रे चालूच ठेवायचा. मी वर्षभर मारला. नाक मोकळं झालं, दमाही शांत होता, मग वाटलं कशाला उगाच. बंद केला. त्याच्याही आधी एका डॉक्टरांनी ‘हाड वाढलंय’ म्हणून नाक उघडायचे थेंब दिले होते आणि ती बाटली खिशात घालून मी चार वर्षं फिरलो होतो. आठवडाभरापलीकडे ते घेत राहिलं की नाक उलट जास्तच चोंदतं, हे तेव्हा ना त्यांनी सांगितलं ना मी विचारलं. तूही तसली बाटली वापरून राहिला असशील तर आजच फेक.

नाक चोंदण्याची सवय होते रे. वास गेला, त्याचं काय करायचं ते कळेना. दोन वर्षांत तो असा हळूहळू गेला की मला पत्ताच लागला नाही. तर्री पोहे खायला गेलो तर तर्री नुसती झोंबायची. तिखट, खारट, आंबट एवढं जिभेला कळायचं, बाकी चव म्हणून जे काही असतं ते गायब. सावजीचा रस्सा समोर आला की आत मटण आहे का पाटवडी, हे चमच्यानं चाचपडून बघायचो. त्यावर घरात हसायचे सगळे. पण एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात पेपर वाचत बसलो होतो आणि शेगडीचं बटण अर्धवट उघडं राहिलं होतं. बायको बाहेरून आली ती ओरडतच. गॅसला स्वतःचा वास नसतो, माणसाला कळावं म्हणून कंपनी त्यात मुद्दाम घाण वास मिसळते. त्या घाणीत मी अर्धा तास आरामात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनंच मला रामदासपेठेत, मॅडमकडे नेलं.

दुर्बीण घातली, सीटी स्कॅन काढला. मागच्या ऑपरेशनमुळे आतल्या वाटा बऱ्यापैकी उघड्या होत्या. नवे पॉलिप मोजकेच, नाकाच्या पोकळीत लोंबणारे. म्हणून मॅडम म्हणाल्या, हे क्लिनिकमध्येच, खुर्चीत बसवून, जागेवर भूल देऊन काढता येतील. सायनस गच्च भरलेले असते तर पूर्ण भूलच द्यावी लागली असती. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, दुखण्याची गोळी घेतल्यावर कधी दम लागला का, हेही त्यांनी खोदून विचारलं. पॉलिप, दमा आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या न सोसणं हे त्रिकूट काही जणांत एकत्र असतं म्हणे. आणि हो, तुझे दोन्ही बाजूंना आहेत की एकाच, ते तू लिहिलं नाहीस. एकाच बाजूला असेल तर तो पॉलिपच आहे असं धरून चालायचं नाही, आधी नीट तपासायचं, असं मॅडमचं म्हणणं. हे विसरू नकोस.

घाबरलो की मी वाचत बसतो, तुला माहीतच आहे. हिपोक्रेटिसच्या काळी म्हणे स्पंजाचा गोळा दोऱ्याला बांधून तो दोरा नाकातून घशात ओढायचे, म्हणजे वाटेतला पॉलिप फरफटत बाहेर. हे मी आदल्या रात्री वाचलं. झोप कशी लागणार?

त्यात आणखी एक शहाणपणा केला. हलका नाश्ता करून या, असं त्यांनी सांगितलं होतं. मला वाटलं, ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटीच, बाईंचं चुकून राहिलं असेल. चहासुद्धा घेतला नाही.

खुर्ची दातांच्या डॉक्टरकडे असते तशीच. आधी नाकात औषधानं भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या चिमट्यानं सरकवल्या, एकामागून एक. एवढ्याशा नाकात एवढा कापूस मावतो यावर माझा विश्वास बसेना. बधिर करणारं लिग्नोकेन आणि सोबत रक्तवाहिन्या आवळणारं औषध. ते घशात उतरलं की कडूजहर, आणि मग घसाच आपला राहत नाही. आवंढा गिळतोय पण गिळला की नाही ते कळत नाही. इथं माणूस घाबरतो. मॅडम म्हणाल्या, श्वास चालू आहे ना, मग गिळणंही चालू आहे. पंधरा मिनिटांनी पट्ट्या काढून आत दोन टोचण्या. वरचे दात लाकडाचे झाले, छाती मिनिटभर धडधडली. आणि तिथंच माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कपाळावर गार घाम. खुर्ची मागं पाडली, पाय वर केले, आणि नर्सनं विचारलं, ‘काका, काय खाल्लं सकाळी?’ मी काय बोलणार? ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दहा मिनिटं तसंच पडवून ठेवलं. शोभा झाली ती झाली.

मग खरं काम. दुर्बीण आत, चित्र समोरच्या पडद्यावर. गुलाबी भिंती, आणि मध्ये राखाडी, चकचकीत, शिजून पारदर्शक झालेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी लोंबतंय. मॅडमनी सळईनं त्याला ढोसलं. मला काहीच कळलं नाही. शेजारच्या गुलाबी फुगवट्याला सळई नुसती लागली तर भूल असूनही मी दचकलो. ‘हे तुमचं अंग, ते पाहुणे,’ त्या म्हणाल्या. पॉलिपला स्पर्शाची जाणीव नसल्यातच जमा. मग ते यंत्र, पेनाएवढी नळी, तोंडाशी फिरणारं पातं, आतल्या आत ओढून कापणारं. आवाज नाकातून येत नाही, थेट कवटीतून येतो. मिक्सरमध्ये चमचाभर चटणी फिरवावी तसा घुर्रर्र, मध्येच भिजल्या डाळीसारखं चटचट. दुखत काही नव्हतं, पण बोटं खुर्चीच्या हातांत रुतली होती. पंचवीसेक मिनिटांत दोन्ही बाजू झाल्या. तपासणीला पाठवायचे तुकडे बाटलीत दाखवले. साबुदाणाच. येत्या एकादशीला खिचडीकडे कसं बघायचं ते तू सांग.

नंतरचे दिवस कंटाळवाणे. मिशीखाली गॉजची पट्टी, गुलाबी पाणी, आठवडाभर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. (ऑफिसमध्ये अशी एक दिली, शिपाई धावत आला.) मिठाच्या पाण्यानं दिवसातून दोनदा नाक धुवायचं, पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं नाही. तिसऱ्या दिवशी एवढी मोठी खपली निघाली की मी बायकोला हाक मारून दाखवली. तिनं बघायचं नाकारलं. आणि स्प्रे. तो मी इतकी वर्षं चुकीचाच मारत होतो, मान मागे टाकून, सरळ वर, की सगळं घशात. मान किंचित खाली, उजव्या हातानं डावी नाकपुडी, डाव्या हातानं उजवी, आणि नेम मधल्या पडद्यावर नाही, डोळ्याच्या बाजूला. आता हा रोजचा, दात घासण्यासारखा. तरी पुन्हा येणारच नाहीत असं मॅडमनी काही कबूल केलेलं नाही.

वासाचं सांगायचं राहिलं. रोज सकाळी चहाच्या पातेल्यावर नाक धरून उभा राहायचो, काही नाही. मग अकराव्या दिवशी स्कूटरवरून नाग नदीच्या पुलावर आलो आणि नाकात सणसणीत काहीतरी घुसलं. गाडी कडेला लावून उभाच राहिलो. लोक नाकाला रुमाल लावून जाताहेत आणि मी कठड्याला टेकून छाती भरभरून श्वास घेतोय. एकानं तर थांबून विचारलं, ‘काय झालं भाऊ, बरं वाटून नाही राहिलं का?’ त्याला काय सांगू?

अजून पूर्ण आलेला नाही, येतो-जातो. पण काल कूलर काढले. ऊन आताच चाळीशीकडे चाललंय. यंदा मी हट्टानं खसच्या ताट्या आणल्या आहेत, बायको म्हणते पैसे जास्त झालेत. अजून कोरड्याच आहेत, पाईप जोडायचा राहिलाय. ती मघापासून हाका मारून राहिली आहे, तेव्हा उठतो. सीटीची फिल्म घेऊनच ये, आणि येताना पोटभर खाऊन ये.

तुझा,
बाळ्या