अपग्रेडनंतर अडलेला उबुंटू फॉरमॅट करू नका

संपादक महोदय,

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे ज्यांचे जुने संगणक विंडोजऐवजी उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीवर आहेत किंवा येणार आहेत, त्यांना एक कळकळीची विनंती आहे. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेल्यावर एखादे पॅकेज (प्रोग्रामचा किंवा त्याच्या भागाचा गठ्ठा) बसत नाही, 'अनमेट डिपेन्डन्सीज' (त्याला लागणारी दुसरी पॅकेजेस जुळत नाहीत) असा एरर येतो आणि दुरुस्तीवाला थेट फॉरमॅट सुचवतो. एकाच पत्रिकेवर मराठी-कानडी मजकूर जुळवणाऱ्या छापखान्याची कित्येक वर्षांची कामे अशाने पुसली जातात. बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते.

पावसाळ्यात अपग्रेड चालू असताना वीज गेली की काही पॅकेजेस उघडलेली, पण कॉन्फिगर न झालेली राहतात. आधी टर्मिनलमध्ये (कमांड लिहिण्याच्या खिडकीत) 'डीएफ -एच' देऊन रूट (डिस्कचा मुख्य विभाग) आणि बूट (संगणक सुरू होण्याच्या फायलींचा विभाग) यांत जागा आहे का ते पाहावे. बूट भरले असेल तर नवे कर्नल (प्रणालीचा गाभा) बसत नाही. मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. ही दुसरी कमांड काय काय काढून टाकणार त्याची यादी दाखवते. ती वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका. यादीत ग्नोम-शेल (डेस्कटॉप) किंवा टायपिंगचे आयबस दिसले तर 'एन' दाबून थांबा.

तरीही अडले तर पॅकेजेस कुठून आणायची ते सांगणारे सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डर उघडा. तिथे 'जॅमी' (२२.०४ चे टोपणनाव) असलेली एखादी ओळ चालू राहिली असेल तर ती बंद करून 'सुडो ॲप्ट अपडेट' द्यावे. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड'ने रोखून ठेवलेली पॅकेजेसही कळतात.

सर्वांत जास्त घोळ नावांचा होतो. ३२ बिटांची वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते, म्हणून वेळ ६४ बिटांत मोजण्याच्या बदलात २४.०४ मध्ये अनेक लायब्ररींच्या (प्रोग्राम्सना लागणाऱ्या सामाईक फायलींच्या) नावांना 'टी६४' जोडले गेले. जुनी टिपणे पाहून आवाजाची लायब्ररी 'लिबअसाउंड२' या नावाने मागितली की 'नो इन्स्टॉलेशन कँडिडेट' (बसवण्याजोगे काही नाही) असे येते. 'लिबअसाउंड२टी६४' लिहा, लगेच बसते. जुना प्रोग्राम 'लिबएसएसएल१.१' मागत असेल तर त्या प्रोग्रामची नवी आवृत्तीच घ्यावी, कारण ही लायब्ररी ज्यातली आहे त्या ओपनएसएसएल (इंटरनेटवरची माहिती सुरक्षित ठेवणारे सॉफ्टवेअर) १.१.१ ला सप्टेंबर २०२३ नंतर सार्वजनिक सुरक्षा अपडेट नाहीत.

आणि पेनड्राइव्हवरून आणलेले 'लिबसी६' (जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी असलेले पॅकेज) कधीही जबरदस्तीने बसवू नये. कमांड घेणाऱ्या बॅशपासून फायलींची यादी दाखवणाऱ्या एलएसपर्यंत सगळे त्यावरच चालते. ते बिघडले की साधी कमांडही चालत नाही. २२.०४ वर 'जीलिबसी २.३८ नॉट फाउंड' आले, तर तो प्रोग्राम नव्या उबुंटूसाठी बांधलेला आहे इतकाच त्याचा अर्थ. २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ असते, २४.०४ मध्ये २.३९.

दुरुस्ती करणाऱ्यांनी फॉरमॅटला हात घालण्यापूर्वी लाइव्ह यूएसबीवरून (उबुंटू न बसवता थेट चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) होम फोल्डरची (वापरकर्त्याच्या फायलींची) प्रत काढावी आणि व्हार, लॉग, ॲप्ट या वाटेने जाऊन 'टर्म.लॉग' वाचावी. त्यातला पहिला एरर पकडावा. खालचे बहुतेक त्याच्यामुळेच आलेले असतात.

– एक लिनक्स वापरकर्ता, टिळकवाडी, बेळगाव